नाथसागराचा टक्का आणि कोयनेची वीज

जून सरला की बिडकीन परिसरात पिकापाण्याच्या गप्पांत नाथसागराचा टक्का येतोच. हा टक्का कशाचा, तो शून्यावर आला तरी धरणात पाणी कसं दिसतं, अशी शंका ज्याला कधी चाटून गेली, तो धरणांच्या अभ्यासात आलाच म्हणायचा. टक्का असतो उपयुक्त साठ्याचा. नाथसागर म्हणजे जायकवाडी धरणाचा जलाशय; त्याच्या सुमारे १०२ टीएमसीपैकी २६ टीएमसी मृतसाठा त्यात धरत नाहीत; टंचाईत मात्र पिण्यासाठी त्यालाच हात घालावा लागतो.

आता घाटाकडे पाहा. कोयना धरणाचा साठाही जवळपास तेवढाच, १०५ टीएमसी. तरी कोयना प्रकल्पाची वीजक्षमता १,९६० मेगावॉट आणि जायकवाडीवरच्या पैठण जलविद्युत केंद्राची अवघी १२! नुसतं पाणी साठवून भागत नाही, त्याला पडायला उंचीही लागते. कोयनेचं पाणी सह्याद्रीच्या पोटातून पोफळीच्या भूमिगत वीजगृहात उतरतं, साडेचारशे मीटरहून अधिक खाली. पैठणला गोदावरीचा मुलूख सपाट, धरणच जेमतेम ४१ मीटर उंच. तिथलं यंत्र मात्र उलटंही फिरतं. विजेची मागणी कमी असताना वीज घेऊन खालचं पाणी पुन्हा धरणात चढवतं. मला विचाराल तर विद्यार्थ्याने आधी हे धाकटं यंत्र समजून घ्यावं. पोफळीला पाहून दिपायला होतं, शिकायला पैठण बरं.

वीज करून कोयनेचं पाणी वाशिष्ठीवाटे अरबी समुद्राला मिळतं, म्हणजे कृष्णा खोऱ्याला ते कायमचं अंतरतं. म्हणूनच कृष्णेच्या पाणीवाटपासाठी नेमलेल्या बच्छावत लवादाने पश्चिमेकडे वळवायच्या पाण्याला वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली. इथे अभियंत्याच्या शेजारी वकील येऊन बसतो. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपानंतर भूशास्त्रज्ञही आले, ते अजून कोयनेच्या खडकात खोल छिद्रं पाडून पाहताहेत. जायकवाडीचा तंटा वेगळा. कालवे आधी, वीज नंतर, आणि वरच्या नाशिक-नगरच्या धरणांतून किती सोडायचं यावर दर तुटीच्या वर्षी खडाजंगी.

धरणांच्या या अभ्यासात गणिताची धास्ती असेल त्यांनी सूत्रांची पानं उलटून थेट पाणीवाटपाकडे वळावं, हरकत नाही. टीएमसी आणि क्युसेक यांची गल्लत तेवढी करू नका. टीएमसी साठा सांगतो, शंभर कोटी घनफुटांचा. क्युसेक सांगतो सेकंदाला किती घनफूट पाणी वाहतंय. वरून दहा हजार क्युसेकने पाणी येत असेल, तर नाथसागरात एक टीएमसीची भर पडायला सुमारे २८ तास लागतात.