घोड्याचे ठाण आणि लष्कराचा मुक्काम

माळव्याच्या पठारावर धार आणि महू यांच्या दरम्यान पीथमपूर ही आजची उद्योगनगरी वसली आहे. तेथील मोटारींच्या चाचणीसाठी बांधलेला ११.३ किलोमीटरचा लंबवर्तुळाकार मार्ग २०२१ साली खुला झाला. यंत्राचे सामर्थ्य तेथे अश्वशक्तीत मोजले जाते. त्याच मुलखात अठराव्या शतकात खऱ्याखुऱ्या अश्वांच्या बळावर राज्ये उलथली आणि नवी उभी राहिली. त्या अश्वांच्या दौडीची वर्णने पुष्कळ झाली आहेत. दौड संपल्यावर रात्री ते कोठे व कसे बांधले जात, याचा विचार मात्र क्वचितच होतो. वस्तुतः लष्कराचे अर्धे यश त्या बांधण्यावर अवलंबून असे.

प्रवासात घोडा ठेवण्याचे मार्ग मोजकेच आहेत. त्याभोवती कुंपण उभारावे, त्याला दोरीने जखडावे, किंवा पाय बांधून चरावयास सोडावे. मराठ्यांनी मुख्यतः दोरी पत्करली. घोड्याला पुढून बांधावयाची ती अगाडी आणि मागचे पाय बांधावयाची ती पिछाडी. दोन्ही दोऱ्या जमिनीत ठोकलेल्या मेखांना आवळल्या, की जनावराला उभे राहता येई, बसता येई. पण शेजारच्या घोड्यावर लाथ झाडता येत नसे. शेकडो घोडी एका ओळीत उभी करावयाची, तर हा बंदोबस्त अपरिहार्यच होता. चरावयास सोडलेल्या घोड्याच्या पायांत पायबंद पडे. ‘पायबंद घालणे’ हा आजचा वाक्प्रचार त्या मुक्कामावरूनच मराठीत आला आहे.

या निवडीमागे लष्करी हिशेब होता. कुंपण म्हटले की खांब आले, ते वाहावयास बैल आले आणि बैल आले की कूच मंदावली. मोगलांची छावणी हे एक चालते नगरच असे. तिच्याशी झुंजणाऱ्याला आपले ओझे वाढविणे परवडणारे नव्हते. दोर व मेखा खोगिराबरोबर जात. शत्रू अगदी जवळ असला, तर तेवढीही सोय नको वाटे. भाला शेजारी रोवून आणि लगाम हाताला बांधून मराठा स्वार भुईवर झोपत असे, असे एल्फिन्स्टनने आपल्या इतिहासात नमूद केले आहे. २९ नोव्हेंबर १७२८ रोजी धारच्या पश्चिमेस अमझेऱ्याजवळ चिमाजी आप्पांनी माळव्याचा सुभेदार गिरिधर बहादूर याचा पराभव केला. तो आणि त्याचा नातलग दया बहादूर दोघेही लढाईत पडले. नर्मदा ओलांडून इतक्या त्वरेने घाला घालणे ज्या सुटसुटीत मुक्कामांमुळे शक्य झाले, त्यांत या दोर-मेखांचाही वाटा होता. पुढे धार आणि देवास येथे पवारांच्या गाद्या स्थिरावल्या.

परंतु दोरीला एक मोठी उणीव आहे. बांधलेला घोडा स्वतः चरू शकत नाही. त्याची वैरण, चंदी आणि पाणी माणसाने आणून द्यावे लागते. शिवकालात ही गोष्ट पुरती ओळखली गेली होती. पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद असे, असे सभासदाच्या बखरीत सांगितले आहे. पावसाळ्यात काळी जमीन भिजली म्हणजे मेख धरत नाही आणि वाटाही बुजतात. तेव्हा लष्कर छावणीस परते आणि दसऱ्यानंतर पुन्हा मुलुखगिरीस निघे. चिपळूणच्या छावणीतील अधिकाऱ्यांना शिवाजी महाराजांनी लिहिलेले पत्र प्रसिद्धच आहे. दाणा-वैरण आताच उधळली, तर ऐन पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील आणि लोक रयतेला लुटू लागतील. चुलीतला विस्तव किंवा दिव्याची वात गवताच्या गंजीला लागली, तर सारी पागा बुडेल, असा त्याचा आशय आहे. घोड्याच्या ठाणाचा प्रश्न शेवटी शेतकऱ्याच्या घरापर्यंत जाऊन पोहोचतो, हे त्या पत्राने दाखविले.

या इशाऱ्याचे मोल पानिपतावर कळले. १७६० च्या अखेरीस खंदकाआड अडकलेल्या मराठी छावणीची रसद अब्दालीने तोडली. ठाणावर बांधलेली घोडी उपासाने खंगत गेली आणि १४ जानेवारी १७६१ रोजी अनेक स्वारांखाली दौडण्याजोगे जनावरच उरले नव्हते. जी दोरी वेगासाठी स्वीकारली होती, तीच मुक्काम लांबताच फास ठरली.

घोड्याच्या लांब पल्ल्याच्या शर्यती आज जगभर होतात. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील १०० मैलांची अशी शर्यत १९५५ साली सुरू झाली. तेथील मुक्कामांवर पुष्कळ स्वार लोखंडी नळ्यांच्या सुट्या चौकटी जोडून फिरते कुंपण उभारतात. दिवसभर दौडलेला घोडा रात्रभर जखडून ठेवला, तर त्याचे पाय आखडतात. चार पावले फिरता आले, तर ते मोकळे राहतात. त्यांच्या दिमतीला मोटारी आहेत, म्हणून हे ओझे त्यांना पेलते. कुंपण हलके आहे की भक्कम, एवढेच पाहून त्याची निवड होत नाही. जमीन कशी आहे, मुक्काम किती दिवसांचा आहे आणि वैरण कोण आणणार आहे, हे तीन प्रश्न आधी सोडवावे लागतात. ज्या सेनानायकाने ते वेळीच सोडविले, त्याचाच घोडा पहाटे दौडीस सिद्ध असे.