पुसलेलं अक्षर आणि वाशीमचा राजा

मंडळी, वाशीम म्हणजे वाकाटकांचं वत्सगुल्म, हे आज आपण सहज सांगतो. राजशेखरानं काव्यमीमांसेत विदर्भातलं नगर म्हणून वत्सगुल्माचं नाव घेतलंय. पण इथं वाकाटकांची एक वेगळी शाखा राज्य करत होती, हे 1939 पर्यंत इतिहासकारांना ठाऊक नव्हतं. का नव्हतं, ते बघा.

अजिंठ्याच्या 16 क्रमांकाच्या लेण्यात वराहदेवाचा शिलालेख आहे. वराहदेव हा वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री. लेखात राजाची वंशावळ दिलीय, पण बरीच अक्षरं झिजलेली. एकोणिसाव्या शतकात ब्यूलर या जर्मन पंडितानं तो वाचला. पहिल्या प्रवरसेनाच्या मुलाचं नाव अस्पष्ट होतं, तिथं त्यांनी ‘रुद्रसेन’ वाचलं. हे नाव इतर ताम्रपटांतून ओळखीचं होतं ना! पण त्या ताम्रपटांत रुद्रसेन हा प्रवरसेनाचा नातू आहे. मग इथं तो मुलगा कसा? शंकेला जागा होती. पण ब्यूलर म्हणजे मोठं नाव. वाचन तसंच पुढं चालत राहिलं.

1939 मध्ये वाशीमला ताम्रपट सापडला. दुसऱ्या विंध्यशक्तीनं आपल्या राज्याच्या 37 व्या वर्षी वत्सगुल्माहून दिलेलं हे दानपत्र. वंशावळ संस्कृतात, दानाचा मजकूर प्राकृतात. त्यात प्रवरसेनाच्या मुलाचं नाव स्वच्छ आहे: सर्वसेन.

नागपूरचे संस्कृतचे प्राध्यापक वासुदेव विष्णु मिराशी इथं थांबले नाहीत. मग अजिंठ्यात काय लिहिलंय, असं विचारून त्यांनी तो जुना लेख पुन्हा तपासला. तिथंही सर्वसेनच! म्हणजे उत्तर भिंतीवर होतंच, प्रश्न घेऊन कुणी गेलं नव्हतं.

या एका नावानं एक अख्खं राजघराणं परत मिळालं. ‘हरिविजय’ हे प्राकृत काव्य रचणारा सर्वसेन आनंदवर्धनाला माहीत होता; त्या कवीलाही आता घर सापडलं, आणि ते वाशीमला!

यात ब्यूलरना कमी लेखायचं कारण नाही. त्यांच्या वाचनामुळंच पुढच्याला तपासायला काहीतरी मिळालं. पण वर्गात एखादा मुलगा ‘हे कशावरून?’ असं विचारतो, तेव्हा आपण त्याला ‘पुस्तकात आहे’ म्हणून गप्प बसवतो. पुस्तकात तर रुद्रसेनही होता, मंडळी.