हवालदार कुणाचा आणि नाव कुणाचं?

आज आपण फौजेतल्या हुद्द्यांबद्दल बोलणार आहोत. हा पुरुषांचा विषय, असं म्हणून उठून जाऊ नका. आपल्या पवन मावळात, नाणे मावळात, आंदर मावळात कुणाचा दीर, कुणाचा भाऊ, कुणाचा लेक फौजेत नाहीतर नौदलात गेलेला असतो. त्यांच्या पेन्शनचे कागद, पेटीतली पदकं, भिंतीवरचा गणवेशातला फोटो सांभाळतं कोण? आपणच. पण ‘तुझे आजेसासरे फौजेत कोण होते गं?’ असं कुणी विचारलं, तर आपण ‘मिल्ट्रीत होते’ एवढंच सांगतो. हुद्दा माहीत नसतो. त्या हुद्द्यावर किती काय अवलंबून होतं, ते ऐका.

आधी शब्दांकडे बघू. ‘पोरं सासूबाईंच्या हवाली केली आणि भातलावणीला गेले,’ असं आपण म्हणतो ना? त्यातलाच हा ‘हवाला’. ज्याच्या हवाली काही केलं आहे, तो हवालदार. नाईक म्हणजे नायक, चार माणसांच्या पुढे चालणारा. शिपाई, सुभेदार हे शब्द फारसीतून आले आणि आपल्या बोलीत मुरले. आज देशभराच्या सैन्यात, पंजाबी असो की तमिळ, दंडावर दोन फिती असलेला जवान नाईक असतो आणि तीन फिती असलेला हवालदार.

हे हुद्दे मावळच्या मातीत फार जुने आहेत. शिवाजी महाराजांच्या पायदळात मावळेच मुख्य. त्या पायदळाची मोजणी सभासदाच्या बखरीत सांगितली आहे. नऊ माणसं आणि त्यांच्यावर एक नाईक. असे पाच नाईक मिळून एक हवालदार. दोन-तीन हवालदारांवर एक जुमलेदार. दहा जुमलेदारांवर एक हजारी. आणि सगळ्यांच्या वर सरनोबत. आपल्याला हे समजायला सोपं आहे. दहा-बारा बायांचा एक बचत गट, अनेक गटांचा ग्रामसंघ, ग्रामसंघांचा प्रभागसंघ. अध्यक्ष किती मोठी, हे कुणी विचारत नाही. तिच्यामागे किती जणींचा हिशेब आहे, हे विचारतात. नाईकाचंही तसंच होतं. नऊ माणसं जेवली का, जागेवर आहेत का, परत आली का, याचा जाब त्यानं द्यायचा.

गडावरही हवालदार असे. लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना, राजमाची हे आपले गड. गडाच्या कारभारात हवालदार, सबनीस, सरनोबत आणि कारखानीस असे कामदार नेमलेले असत. सबनिसाकडे हजेरी आणि हिशेब, कारखानिसाकडे धान्य आणि दारूगोळा. दरवाजाच्या किल्ल्या हवालदाराच्या हवाली. घराच्या किल्ल्या आपल्या कनवटीला असतात, म्हणून ती जबाबदारी काय असते हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

पुढे इंग्रजांच्या कंपनीनं मुंबईला हिंदी शिपायांच्या पलटणी उभ्या केल्या. 1768 साली उभी राहिलेली एक पलटण आज मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली पलटण आहे. तिला ‘जंगी पलटण’ म्हणतात. साहेब लोक इंग्रज, पण खालचे हुद्दे इथलेच ठेवले. शिपाई, नाईक, हवालदार, जमादार, सुभेदार. ज्या नावाला माणसं मान देतात, ते नाव बदलण्यात शहाणपण नाही, हे कंपनीनं ओळखलं.

मग 1779 चा जानेवारी उजाडला. राघोबादादांना गादीवर बसवायला इंग्रज फौज बोरघाट चढून पुण्याकडे निघाली. कार्ल्याजवळ त्यांचा कॅप्टन स्टुअर्ट पडला. त्यालाच आपल्याकडे ‘इष्टुर फाकडा’ म्हणतात. मराठ्यांनी गावं ओस पाडली, दाणावैरण मिळू दिली नाही. तळेगावहून इंग्रज माघारी वळले आणि वडगावला त्यांना शरण येऊन तह करावा लागला. हा विजय आपण अभिमानानं सांगतो. पण त्या माघारीत इंग्रजांची पिछाडी ज्यांनी सांभाळली, ते कंपनीचे हिंदी शिपाई होते. त्यांच्या त्या लढण्यामुळेच त्याच वर्षी मुंबईच्या ग्रेनेडियर पलटणीची उभारणी झाली. आजच्या ग्रेनेडियर्स रेजिमेंटचा इतिहास तिथून, म्हणजे आपल्या मावळातून सुरू होतो. दोन्ही बाजूंना नाईक होते, हवालदार होते. दोन्हीकडच्या घरी वाट बघणाऱ्या बायका होत्या.

आता खुणा कशा ओळखायच्या ते सांगतो. भिंतीवरचा फोटो डोळ्यांसमोर आणा. भूदलात शिपायाच्या दंडावर काही नसतं. त्याला तोफखान्यात गनर म्हणतात, खडकीच्या बॉम्बे सॅपर्समध्ये सॅपर म्हणतात, रणगाड्याच्या दलात सवार म्हणतात. इंग्रजी ‘व्ही’सारखी एक फीत असेल तर लान्सनाईक, दोन असतील तर नाईक, तीन असतील तर हवालदार. त्याच्यावर गेलं की खूण दंडावरून खांद्यावर जाते. एक तारा आणि सोबत रंगीत पट्टी म्हणजे नायब सुभेदार, दोन तारे आणि पट्टी म्हणजे सुभेदार, अशोकस्तंभाचे सिंह आणि पट्टी म्हणजे सुभेदार मेजर. नुसते तारे दिसले की आपण ‘साहेब’ म्हणून मोकळे होतो, पण पट्टी आहे का ते बघा. पट्टी असली तर तो माणूस बहुतेक शिपाई म्हणून भरती होऊन, एकेक पायरी चढून तिथं पोचलेला असतो. नायब सुभेदाराला 1965 पर्यंत जमादार म्हणत. म्हणून जुन्या कागदावर ‘जमादार’ दिसलं तर तो हलका हुद्दा समजू नका.

हवाई दलात दोन फितींचा कॉर्पोरल आणि तीन फितींचा सार्जंट. त्यांच्या वर वॉरंट ऑफिसर. लोहगावच्या तळावर ही नावं ऐकू येतात. नौदलाचं आपल्याला लोणावळ्यातच बघायला मिळतं. आयएनएस शिवाजी हे केंद्र 15 फेब्रुवारी 1945 ला सुरू झालं. जहाजाची इंजिनं चालवणारे आणि दुरुस्त करणारे नौसैनिक आणि अधिकारी तिथं शिकतात. समुद्र घाटाखाली राहिला, पण जहाजाचं इंजिन शिकायचं ते आपल्या डोंगरात! नौसैनिकाची खूण नांगराची. एक नांगर असेल तर लीडिंग, म्हणजे नाईकाच्या बरोबरीचा. एकमेकांवर आडवे दोन नांगर असतील तर पेटी ऑफिसर, म्हणजे हवालदाराच्या बरोबरीचा. ही नावं इंग्रजांची आहेत. नौदलातले हुद्दे भारतीय परंपरेप्रमाणे ठेवले जातील, असं 4 डिसेंबर 2023 ला नौदल दिनी मालवणच्या कार्यक्रमात पंतप्रधानांनी जाहीर केलं.

आणि आता या खुणा पुरुषांच्याच दंडावर राहिलेल्या नाहीत. ओडिशातल्या आयएनएस चिल्का या केंद्रातून मार्च 2023 मध्ये अग्निवीरांची पहिली तुकडी बाहेर पडली. तिच्यात 273 मुली होत्या. नौदलात नौसैनिक म्हणून भरती झालेल्या या पहिल्याच मुली.

आता मूळ मुद्द्यावर येतो. पहिल्या महायुद्धात पुण्याच्या नावाची एक आख्खी फौज, सहावी पूना डिव्हिजन, आज ज्याला इराक म्हणतात त्या देशात लढायला गेली. तिच्यात मराठा पलटणी होत्या. देशावरचे आणि कोकणातले शेतकरी त्या वाळवंटात गेले. कुत नावाच्या गावी डिसेंबर 1915 पासून ही फौज वेढ्यात अडकली. जवळजवळ पाच महिने उपाशी लढून 29 एप्रिल 1916 ला शरण गेली. हजारो माणसं वेढ्यात, कैदेत, रोगराईत मेली.

ज्यांची कबर सापडली नाही, त्यांच्यासाठी बसऱ्याला मोठं स्मारक बांधलं. ते 1929 साली खुलं झालं. भिंतींवर नावं कोरली. गोऱ्या शिपायाचं नाव कोरलं. हिंदी सुभेदाराचं, जमादाराचं नाव कोरलं. पण हिंदी हवालदार, नाईक आणि शिपाई यांची नावं कोरलीच नाहीत. पलटणीचं नाव लिहिलं आणि पुढं आकडा टाकला, की एवढे मेले. बाई, विचार करा. तीन फितींचा हवालदार आणि एका ताऱ्याचा जमादार, यांच्यात एका पायरीचं अंतर. जमादाराच्या बायकोला नवऱ्याचं नाव दगडावर मिळालं. हवालदाराच्या बायकोला आकड्यातला एक मिळाला. लढताना मात्र नाईक पुढं होता, कारण पुढं चालणं हेच त्याचं काम.

दगडावर जागा नव्हती म्हणून असं झालं का? नाही. आपल्याच पुणे जिल्ह्यात भीमा कोरेगावला 1818 च्या लढाईचा स्तंभ आहे. त्याच्यावर शंभर वर्षं आधी पडलेल्या साध्या शिपायांची नावं कोरलेली आहेत. ‘नाक’ हा शब्द शेवटी असलेली ती महार शिपायांची नावं आजही वाचता येतात, आणि त्या नावांसाठी माणसं लांबून येतात. नाव दगडावर राहिलं, तर नातवंडांना हक्कानं उभं राहायला जागा मिळते. म्हणजे शिपायाचं नाव कोरता येत होतं. बसऱ्याला ते कोरायचं नाही, असं ठरवलं गेलं.

पश्चिम महाराष्ट्रात कितीतरी गावांत संगमरवराच्या छोट्या पाट्या आहेत. या गावातून महायुद्धाला इतके गेले, त्यातले इतके मेले, असं त्यांच्यावर लिहिलेलं असतं. तिथंही आकडेच. साताऱ्याच्या अपशिंगे गावातून गेलेले 46 जण त्या युद्धात मेले. त्या गावाला आजही ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणतात.

राष्ट्रकुल युद्धस्मारकांची देखभाल करणाऱ्या आयोगानं 2021 च्या एप्रिलमध्ये अहवाल काढून हा दुजाभाव कबूल केला आणि माफी मागितली. गोळा झालेली नावं आता आयोगाच्या संकेतस्थळावर शोधता येतात. पण शोधायचं तर हाताशी काहीतरी हवं. नुसतं ‘मिल्ट्रीत होते’ म्हणून कुणी सापडत नाही. नाव, हुद्दा, नंबर आणि पलटण, या चार गोष्टी लागतात.

त्या बऱ्याचदा आपल्याच घरात असतात. पहिल्या महायुद्धाचं जुनं पदक असेल तर त्याची कड उजेडात धरून बघा. कडेवर बारीक अक्षरात नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. त्यातलं एक पदक चांदीचं असतं. अडचणीच्या वेळी ते सोनाराकडे मोडीत जातं आणि घरातला एकमेव पुरावा वितळून जातो. तेव्हा आधी फोटो काढा, अक्षरं वहीत उतरवा, आणि होईल तोवर मोडू नका. स्वातंत्र्यानंतरच्या जवानाचं डिस्चार्ज बुक आणि पेन्शनचा आदेश जपा. त्याच्यावर शेवटचा हुद्दा असतो, आणि कुटुंब पेन्शनचा हिशेब त्या हुद्द्याला धरूनच होतो. आपलं नाव, लग्नाची नोंद, मुलांची नावं बरोबर लागलीत का, हे नवरा हयात असतानाच त्याच्यासोबत बसून बघा. चूक असेल तर पुण्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा. हे विचारायला लाजायचं कारण नाही. शेजारणीला माहीत नसेल तर तिलाही सांगा.

आमची एक सूचना आहे. पुढच्या महिन्याच्या बैठकीत बचतीची वही लिहून झाली की मागची दोन पानं मोकळी ठेवा. गावातून फौजेत, नौदलात, हवाई दलात गेलेल्या प्रत्येकाचं आणि आता जाणाऱ्या प्रत्येकीचं नाव, हुद्दा, नंबर आणि पलटण तिथं लिहा. म्हाताऱ्या आत्याबाईंना, सासूबाईंना आधी विचारा, कारण त्या गेल्या की सांगणारं कुणी उरणार नाही. ज्यांचं नाव कुणी कोरलं नाही, त्यांचं आपल्या वहीत तरी राहू द्या.