रंगवाचक इंग्रजी वाक्प्रचार : उगम आणि अर्थ

‘लालफीत’, ‘हिरवा कंदील’, ‘पांढरा हत्ती’ हे शब्द मराठीत इतके रुळले आहेत, की ते इंग्रजीच्या वळणाने आले याचे भान उरत नाही. त्यांचा इतिहास पाहता एक गोष्ट ध्यानात येते. रंगाला स्वतःचा अर्थ नसतो. माणसांचा व्यवहार तो त्याला देतो.

इंग्लंडात सतराव्या शतकापासून कायद्याची व सरकारी कागदपत्रे तांबड्या फितीने बांधीत. कागद सुटू नयेत, एवढाच हेतू. एकोणिसाव्या शतकात डिकन्स व कार्लाईल यांनी तिचा उपहास केला आणि व्यवस्थेचे साधन दिरंगाईचे नाव होऊन बसले.

ब्रिटिश रेल्वेच्या आरंभकाळी तांबडा दिवा धोक्याचा, हिरवा सावधगिरीचा आणि पांढरा मोकळ्या मार्गाचा होता. परंतु पांढरा दिवा इतर साध्या दिव्यांत ओळखू येईना. तांबडी काच फुटली तर धोक्याचा दिवाही पांढराच दिसे. म्हणून १८९० च्या दशकात मोकळ्या मार्गाची खूण हिरव्याकडे आली. ज्याला आपण संमती समजतो, तो रंग पूर्वी ‘जपून’ असे सांगत होता.

सयामात पांढरा हत्ती राजवैभवाचे पवित्र चिन्ह होता; एकोणिसाव्या शतकात तो तेथील ध्वजावरही होता. नावडत्या दरबाऱ्यास खर्चात बुडविण्यासाठी राजा तो भेट देई, ही आख्यायिका मात्र इंग्रजीत रूढ झाली. परक्यांचे पूज्य प्रतीक अशा रीतीने निरुपयोगी ओझ्याचे नाव ठरले.

कुलीनतेसाठी वापरला जाणारा ‘ब्लू ब्लड’ हा शब्द तर अधिक विचार करावयास लावतो. तो स्पॅनिश शब्दाचे भाषांतर आहे. आपल्या वंशात मूर किंवा ज्यू रक्त मिसळलेले नाही, असा अभिमान कॅस्टाइलची घराणी मिरवीत. गोऱ्या कातडीखालच्या निळ्या शिरा हा त्याचा पुरावा. ज्यू वंशाच्या ख्रिस्ती लोकांना नगराच्या अधिकारपदांपासून दूर ठेवणारा ठराव टोलेडो येथे १४४९ साली झाला होता. या मोहक शब्दामागे असा बहिष्कार उभा आहे.

आपल्या जुन्या ग्रामव्यवस्थेत शेतजमीन ती ‘काळी’ आणि वस्तीची जागा ती ‘पांढरी’. शेतकरी जमिनीस ‘काळी आई’ म्हणतो. त्याच भाषेत ‘तोंड काळे करणे’ हेही आहे. म्हणून वाक्प्रचार शिकविताना अर्थाबरोबर त्याचा उगमही विद्यार्थ्यांस सांगावा. शब्द उसना घेण्यास हरकत नाही. त्यातील तिरस्कार नकळत आपला होऊ नये.