गरोदर आणि बाळंत महिलांसाठी सरकारी योजना : काय मिळते, कुठे जायचे?

पालकसभेत मुलांच्या अम्मींशी बोलताना एक गोष्ट वारंवार ऐकायला मिळते, "मॅडम, बाळंतपणाला माहेरी गेले, अंगणवाडीत नाव घालायचं राहूनच गेलं." लक्षात ठेवा, ही खैरात नाही. गरोदर व स्तनदा मातांना आहार आणि आर्थिक मदत देणे २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्यातच आहे. फक्त नोंद वेळेत व्हायला हवी.

अंगणवाडी : गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर सहा महिने मोफत पूरक आहार मिळतो. त्यातून रोज ६०० कॅलरी आणि १८ ते २० ग्रॅम प्रथिने मिळावीत, असे प्रमाण ठरलेले आहे. हा नेहमीच्या जेवणाशिवायचा जादा आहार आहे. घरात सगळ्यांनी वाटून खाल्ला, तर आईच्या वाट्याला काय उरणार?

मातृवंदना योजना : अटीत बसणाऱ्या महिलेला पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये मिळतात. गरोदरपणाची नोंद व तपासणी झाली की ३,००० आणि बाळाची जन्मनोंद व सुरुवातीच्या लसी पूर्ण झाल्या की २,०००. दुसरे अपत्य मुलगी असेल तर ६,००० रुपये एकदम. पैसे महिलेच्या स्वतःच्या, आधार जोडलेल्या खात्यातच येतात. अन्नसुरक्षेचे रेशनकार्ड किंवा ई-श्रम कार्ड पात्रतेसाठी चालते.

बाळंतपण : जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात (२०११) सरकारी दवाखान्यात नॉर्मल असो वा सिझेरियन, औषधे, तपासण्या, रक्त, जेवण आणि जाण्या-येण्याची गाडी मोफत आहे. रेशनकार्डाच्या रंगाची अट नाही. कोल्हापुरात सीपीआर आणि महापालिकेचे सावित्रीबाई फुले रुग्णालय, तर गावात प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा. गाडीसाठी १०२ नंबर. चौथ्या महिन्यापासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रात डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते.

रक्तवाढीच्या गोळ्या : २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील निम्म्याहून अधिक महिलांमध्ये रक्त कमी आहे. लोह-फॉलिक ॲसिडच्या गोळ्या गरोदरपणात १८० दिवस आणि बाळंतपणानंतर १८० दिवस घ्यायच्या असतात. चहाबरोबर घेऊ नका, लोह अंगी लागत नाही.

कागदपत्रांचा घोळ : आपल्याकडे बरेचदा काम अडते ते इथेच. आधारवर माहेरचे नाव, बँकेत सासरचे, 'शेख'चे स्पेलिंग तीन ठिकाणी तीन तऱ्हेचे. सुनेचे नाव रेशनकार्डावर चढलेलेच नसते, मग तिच्या वाट्याचे महिन्याचे ५ किलो मोफत धान्यही जाते. निकाहनंतर लगेच हे दुरुस्त करून घ्या, गरोदरपणाची वाट पाहू नका.

सासर कोल्हापूर आणि माहेर इचलकरंजी किंवा मिरज असेल, तर माता-बाल संरक्षण कार्ड सोबत न्या आणि तिथल्या आशाताईंना दाखवा. तपासण्या व लसींची नोंद त्याच कार्डावर होत राहिली पाहिजे. पाळी चुकली की पहिल्या तीन महिन्यांतच नाव नोंदवा. सासूबाई, नणंदा, शौहर, हे काम घरातल्या सगळ्यांचे आहे.