सोपारा, निर्मळ, वसई : मतभेद नेमका कुठे आहे?

तत्त्वचर्चेत दोन पक्ष भांडत असले, म्हणजे ते एकाच प्रश्नावर भांडत असतात असे नाही. ईश्वरवाद, अद्वैत आणि या दोहोंपासून फटकून राहणारा विमत पक्ष यांच्यातला बराच वाद म्हणूनच वाया जातो. वसई तालुक्यात तिन्ही पक्षांच्या खुणा एकमेकींच्या शेजारी आहेत. त्यांच्याच आधारे प्रश्न वेगळे करून पाहू.

१. विमताचे दोन प्रकार

सोपाऱ्याच्या 'बुरुड राजाच्या कोटा'चे उत्खनन भगवानलाल इंद्रजींनी १८८२ साली केले, तेव्हा तो बौद्ध स्तूप असल्याचे उघड झाले. त्याच वर्षी सोपाऱ्यात अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. नवव्याचा तुकडा १९५६ साली भुईगावात मिळाला. आजारपण, लग्न, अपत्यजन्म, प्रवास अशा प्रसंगी लोक करतात ते विधी अल्पफळ आहेत, असे नववा लेख सांगतो. नोकरचाकरांशी नीट वागणे, गुरुजनांचा मान, प्राण्यांविषयी संयम आणि दान हाच त्याच्या मते खरा विधी. ईश्वर आहे की नाही, या वादात तो पडत नाही. हे विमत आचाराबद्दलचे.

दुसरे विमत बाहियाचे. हा वल्कलधारी साधक सोपाऱ्याच्या समुद्रकाठी राहत होता, असे पाली 'उदान' सांगते. आपण मुक्त झालो आहोत का, या प्रश्नापायी तो श्रावस्तीला गेला. भिक्षेसाठी निघालेल्या बुद्धांनी त्याला वाटेतच थोडक्यात उपदेश केला. त्याचा आशय असा : पाहिले त्यात पाहिलेलेच असू दे, ऐकले त्यात ऐकलेलेच, मग त्यात 'तू' कुठेच सापडणार नाही. येथे नाकारला जातो तो ज्ञाता. पहिले विमत मानणाऱ्याने दुसरे मानलेच पाहिजे असे नाही.

२. अद्वैताचे उत्तर

निर्मळला शंकराचार्य परंपरेतील एका आचार्यांची समाधी मानतात. कार्तिक वद्य एकादशीला तिथली जत्रा सुरू होते. 'मी-माझे' सोडा, असे अद्वैतही सांगते, त्यामुळे ते बाहियाचे सख्खे शेजारी वाटते. पण अद्वैती विचारतो : 'मी नाही' हे कळले कोणाला? सगळे नाकारता येईल, नाकारणारा साक्षी नाकारता येत नाही.

बाहियाच्या बाजूने म्हणता येईल, की हा व्याकरणाचा चकवा आहे. 'पाऊस पडतो' म्हणताना पडण्यापलीकडे वेगळा उभा असलेला पाऊस आपण मानत नाही. 'मी पाहतो' यातला 'मी'ही तसाच. यावर अद्वैती दाखवील, की आपण पडतो आहोत हे पावसाला कळावे लागत नाही. पाहणे मात्र कळल्यावाचून पाहणेच ठरत नाही. इथवर आल्यावर मुद्दा एवढाच राहतो : जाणीव ही क्षणोक्षणी संपणारी घटना की न बदलणारा प्रकाश?

३. ईश्वरवादाचा आक्षेप

निर्मळलाच होली क्रॉस चर्चही आहे. ख्रिस्ती श्रद्धेत सृष्टी ईश्वराने निर्मिली, पण ती ईश्वर नव्हे. माणूस ईश्वराच्या जवळ येतो तो कृपेने, ईश्वर होऊन नव्हे. या भूमिकेचा आक्षेप असा, की दोघे नसतील तर प्रेम कोणी कोणावर करायचे? अद्वैतातल्या मायावादाला, म्हणजे भेद हा केवळ भास मानणाऱ्या मताला, हा आक्षेप लागू पडतो, कारण तिथे भक्ती व्यवहारापुरतीच खरी ठरते. ज्ञानेश्वरांच्या 'अमृतानुभवा'ला तो तितका लागू पडत नाही. तिथे शिव आणि शक्ती एकमेकांवाचून न राहणारे दांपत्य आहेत, आणि सातव्या प्रकरणात अज्ञान नावाची वस्तूच खोडून काढली आहे. म्हणजे अद्वैताच्या घरातही विमत आहेच.

तरीही ईश्वरवाद्याचा एक प्रश्न सुटत नाही : अपराधी आणि क्षमा करणारा मुळात एकच असतील, तर क्षमा झाली असे म्हणायचे कशाला?

४. निष्कर्ष

अशोकाचा लेख आचाराचा प्रश्न विचारतो, बाहिया आणि अद्वैती ज्ञात्याचा, ईश्वरवादी संबंधाचा. एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्याचे खंडन ठरत नाही. ज्ञात्याच्या प्रश्नावर मात्र दोन उत्तरे खरोखर समोरासमोर येतात.

अशा चर्चेच्या शेवटी कोणीतरी म्हणतोच, 'सगळे सांगतात ते एकच.' ऐकायला हे उदार वाटते. पण भेद वरवरचा आणि ऐक्य खरे, हा तर अद्वैताचाच सिद्धान्त. असा समन्वय वाद मिटवत नाही. एका पक्षकाराला तो न्यायाधीशाच्या खुर्चीत बसवतो.