केडगांवच्या मुक्ति छापखान्यांतील स्त्री-कारागीर

हस्तलिखितांचा शोध करणारा मनुष्य पोथी हातीं आली म्हणजे प्रथम तिचें शेवटचें पान उलगडतो. तेथें पुष्पिका असते. शके, तिथि, वार, गांव, पोथी कोणीं लिहिली व कोणासाठीं लिहिली, यांपैकीं जें मिळेल तें टिपून घेतल्यावांचून तो पुढें जात नाहीं. नक्कल करणारा लेखक मूळ ग्रंथकार नसतो हें ठाऊक असूनही त्याचे श्रम नांवानिशीं नोंदावयाचे, असा आपला परिपाठ आहे. छापील ग्रंथाच्या बाबतींत मात्र हा परिपाठ आपण सोडून देतों. छापखाने व पुस्तकें यांच्या नोंदणीसंबंधीं १८६७ सालीं जो कायदा झाला, त्यानें पुस्तकावर मुद्रकाचें व प्रकाशकाचें नांव आणि छपाईचें स्थळ घालणें आवश्यक केलें. खिळे जुळविणारा, फर्मा छापणारा व पुस्तक बांधणारा यांचीं नांवें घालण्याचें बंधन त्यांत नव्हतें. त्यामुळें छापील पानामागचा कारागीर निनांवी राहिला. आणि तो कारागीर स्त्री असल्यास, अशी स्त्री होती ही गोष्टही विस्मरणांत गेली. अशा एका ठिकाणच्या कामाकडे संग्राहकांचें लक्ष वेधावें, एवढाच या टिपणाचा हेतु आहे. तें ठिकाण म्हणजे पंडिता रमाबाई यांच्या केडगांव येथील मुक्ति मिशनचा छापखाना.

या छापखान्याचें मूळ शोधावयाचें तर पुण्यापासूनच आरंभ करावा लागतो. रमाबाई १८८२ सालीं पुण्यास आल्या. त्याच सालीं आर्य महिला समाजाची स्थापना झाली व त्यांचें 'स्त्रीधर्मनीति' हें पुस्तक प्रसिद्ध झालें. १८८३ त त्या इंग्लंडास गेल्या व १८८६ त तेथून अमेरिकेस. त्या प्रवासावर त्यांनीं १८८९ सालीं 'युनाइटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. तेथील स्त्रियांचें शिक्षण व त्यांस मोकळे झालेले उद्योगधंदे यांचें विवेचन त्यांत आलें आहे. विधवेस आश्रय देऊन भागत नाहीं, तिच्या हातास कांहीं विद्या पाहिजे, हा विचार त्यांच्या पुढील सर्व कार्यांत दिसून येतो. ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईंत शारदा सदन निघालें व पुढील सालीं तें पुण्यास आलें. १८९३ त सदनांतील धर्मशिक्षणावरून वाद माजला, सल्लागार मंडळींनीं राजीनामे दिले आणि पुष्कळ पालकांनीं आपल्या मुली काढून नेल्या. त्या वादाचा निवाडा येथें करावयाचा नाहीं. मात्र त्याच्या धुरळ्यामुळें रमाबाईंच्या संस्थेंत पुढें जें हातकाम झालें त्याकडे पुण्याच्या विद्वानांचें पुरेसें लक्ष गेलें नाहीं, असें आम्हांस वाटतें.

१८९६–९७ च्या दुष्काळांत रमाबाईंनीं मध्यप्रांतांतून निराश्रित मुली व विधवा आणिल्या. त्याच सुमारास पुण्यांत प्लेगचा प्रादुर्भाव झाला आणि संस्थेचें केंद्र शहराबाहेर, दौंडच्या बाजूस लोहमार्गावर असलेल्या केडगांवीं गेलें. १९०० च्या दुष्काळांत गुजराथेंतून आणखी स्त्रिया आल्या व आश्रमांतील माणसांची संख्या १५०० च्या वर गेली. एवढ्या समुदायाचा निर्वाह केवळ देणग्यांवर चालणें कठीण होतें. शेती, दूधदुभतें, विणकाम, शिवणकाम, तेलाचा घाणा अशीं नाना कामें तेथें सुरू झालीं, आणि त्यांतच छापखानाही आला.

इतर कामांहून छापखान्याचें काम निराळें कां, हें ज्यानें मराठी जुळणी पाहिली आहे त्यासच नीट कळेल. इंग्रजी जुळणीस थोडक्या अक्षरांवर काम भागतें. मराठींत काना, मात्रा, वेलांटी, उकार, रफार, अनुस्वार आणि जोडाक्षरें मिळून खिळ्यांची गणना शेंकड्यांनीं करावी लागते. प्रत्येक खिळ्याचा खण हातास पाठ पाहिजे. खिळ्यावरील अक्षर उलटें असतें. तें उलटेंच वाचून ओळ भरावयाची, शब्दांमधील अंतर सारखें राखावयाचें, मुद्रितावर झालेल्या दुरुस्त्या जुळलेल्या ओळींत घालावयाच्या, आणि छपाई आटोपतांच सर्व खिळे धुऊन आपापल्या खणांत परत टाकावयाचे. एक खिळा चुकीच्या खणांत पडला तर ती चूक पुढच्या फर्म्यांत उगवते. म्हणजे या कामास साक्षरता, स्मरण, दृष्टि व हात हीं चारही लागतात. शहरांतील छापखान्यांत हें काम सर्वसाधारणपणें पुरुषांचें होतें. केडगांवीं तें ज्या स्त्रियांनीं उचललें त्यांतील पुष्कळ जणी दुष्काळांतून अक्षरशून्य स्थितींत आलेल्या होत्या, हें लक्षांत घेतलें म्हणजे त्यांनीं किती मजल मारली याचें माप मिळतें.

या छापखान्याचें सर्वांत मोठें काम म्हणजे रमाबाईंनीं केलेलें बायबलाचें मराठी भाषांतर. साध्या बायकांस वाचतां व समजतां येईल अशी भाषा असावी म्हणून त्यांनीं हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास केला आणि पंधरांहून अधिक वर्षें या भाषांतरास दिलीं. खिळे जुळविणें, छापणें व बांधणें हीं कामें आश्रमांतील स्त्रियांस शिकवून त्यांच्याकडूनच करवून घेतलीं. मुद्रितशोधनाचें काम संपवून थोड्याच दिवसांत, ५ एप्रिल १९२२ रोजीं, रमाबाई निवर्तल्या. संपूर्ण ग्रंथ १९२४ सालीं बाहेर पडला. छासष्ट पुस्तकांचा हा संग्रह, त्यांत अध्यायांचे व वचनांचे आंकडे ओळीओळीस. असलें काम कोणत्याही नामांकित छापखान्याच्या कसोटीस लागलें असतें. भाषांतरापासून बांधणीपर्यंत स्त्रियांच्या हातून उतरलेला एवढा मोठा मराठी ग्रंथ त्यापूर्वीं झाल्याचें आमच्या पाहण्यांत नाहीं.

येथें अशी शंका निघेल कीं, योजना रमाबाईंची, विद्वत्ता त्यांची. सांगितलेलें काम करणाऱ्या बायकांस निराळें श्रेय कशास? यास उत्तर आमच्या मतें पोथीच्या पुष्पिकेंतच आहे. ज्ञानेश्वरीची नक्कल करणाऱ्यानेंही समोरच्या प्रतीप्रमाणेंच अक्षरें काढलीं. तरी त्याचें वळण, त्याची शुद्धता व त्याचा काळ यांवर आपण लेख लिहितों. जो न्याय बोरूस, तोच खिळ्यास लावावा.

पेशवाईच्या कागदांशीं तुलना केली असतां आणखी एक गोष्ट ध्यानांत येते. सरकारी कारखान्यांत व किल्ल्यांवर कुणबिणींकडून काम घेतलें जाई, आणि त्यांच्या याद्यांत नांवें आढळतात. परंतु तीं नांवें आलीं तीं त्या बायका मालकीची चीज मानल्या गेल्या म्हणून. त्यांच्या हातांत कसब काय होतें याचा शब्द बहुधा नसतो. छापील ग्रंथाच्या बाबतींत स्थिति उलट आहे: कसब पानोपानीं दिसतें, आणि नांव मात्र मुद्रकाच्या ओळींत येत नाहीं. पुण्यांत १९०९ सालीं सेवा सदन निघालें. पुढें शिक्षिका व परिचारिका यांचे धंदे स्त्रियांस प्रतिष्ठेचे झाले आणि त्यांचा इतिहासही लिहिला गेला. शाई व शिसें यांत हात काळे करणाऱ्या स्त्रियांस ती प्रतिष्ठा मिळाली नाहीं.

म्हणून संग्राहकांस आमची विनंति अशी आहे. मुक्ति छापखान्याचीं जीं पुस्तकें, पत्रकें वा सुटे फर्मे हातीं येतील, ते धर्मप्रचाराचें वाङ्मय म्हणून बाजूस टाकूं नयेत. सूचींत ग्रंथनाम, कर्ता व साल यांबरोबर जुळणी, छपाई व बांधणी यांसाठींही एक रकाना ठेवावा. जुन्या छापखान्यांच्या हजेरीवह्या, पगारपत्रकें, दुरुस्त्या केलेलीं मुद्रितें हीं रद्दींत जाण्यापूर्वीं जपून ठेवावीं. कारागिरांचीं नांवें मिळालींच तर तेथेंच मिळतील. मुक्ति मिशन केडगांवीं आजही उभें आहे आणि तेथील छापील ग्रंथ जुन्या घरांतून अद्याप सांपडतात. अशी प्रत मिळाली म्हणजे मजकुराकडे वळण्यापूर्वीं तिची जुळणी भिंगाखालीं धरून पाहावी, व जें दिसेल तें टिपून ठेवावें.